पडलेली गाडी उचलली तर चिठ्ठीही लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र थोडं मोठं झालंय. जमलं तर सगळं छापा, जागा नसेल तर निदान शेवटचा चिठ्ठीचा भाग तरी छापा ही विनंती.

मी सिडकोत राहतो, सातपूरला एका कारखान्यात मशीनशॉपला आहे, २३ वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं रोज टू व्हीलरवर जाणं-येणं चाललंय. गाडी पार्क केलेली असताना कुणीतरी पाडणं हे काही आपल्याकडे नवीन नाही, मेन रोडला जा, शालिमारला जा, कॉलेज रोडला संध्याकाळी जा, रांगेतली एखादी तरी आडवी दिसेलच. त्यात पत्र लिहिण्यासारखं काय असं मलाही दोन महिन्यांपूर्वी वाटलं असतं. पण मागच्या महिन्यात जे झालं त्यानंतर गप्प बसवत नाहीये.

बुधवार होता. मी आणि मुलगी, ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, रविवार कारंज्याला गेलो होतो, तिला थोडं सामान घ्यायचं होतं आणि मग तिकडूनच पंचवटीत तिच्या आत्याकडे जायचं होतं. बुधवार म्हणजे गंगेवर बाजार, सगळीकडे गर्दी, दोन चकरा मारल्या तेव्हा कुठं एका रांगेच्या टोकाला जागा मिळाली. साइड स्टँडवर लावली, हॅंडल लॉक केलं आणि गेलो. पाऊण तासानं परत आलो तर गाडी होती तिथंच उभी, स्टँडवर, व्यवस्थित. बारीक पाऊस होता, मुलीच्या हातात दोन पिशव्या, आरसा जरा फिरलेला वाटला तो नीट केला, कारण आरसे काय कुणीही जाता-येता फिरवतं, आणि स्टार्टर मारून निघालो.

होळकर पुलाकडं उतरताना पुढं रिक्षा थांबली. मी पुढचा ब्रेक दाबला तर लिवर मुळातून तुटला आणि केबलला लोंबकळायला लागला. पाय ब्रेकवर टाकला तर पायडल खाली जाईचना, ते आत वाकून इंजिनच्या कव्हरला अडकलेलं. माझी गाडी २०२२ची आहे, १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना २०१९पासून सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेले) नाहीतर एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारं) कम्पल्सरी झालंय, माझ्या गाडीला सीबीएस आहे, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. चांगली सोय आहे, पण पायडलच अडकलं तर तीही गेली. गिअर पाडला, हॅंडल डावीकडं घेतलं, फुटपाथच्या कडेला चाक घासलं आणि दोघंही पडलो. मला खरचटलं. मुलीच्या गुडघ्याला पाच टाके पडले. मागून सिटीबस येत होती, ती वेळेवर थांबली, त्या ड्रायव्हरदादांचे किती आभार मानू तेवढे थोडे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम परत रविवार कारंज्याला गेलो, कारण आदल्या दिवशी सकाळी कारखान्यात गेलो तेव्हा दोन्ही ब्रेक ठणठणीत होते, मी रोज बघतो. तिथं पेरूची हातगाडी लावतात त्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, अहो भाऊ तुमचीच होती का ती गाडी, कारवाल्यानं रिव्हर्स घेताना पाडली, तो उतरला, बघितलं, इकडंतिकडं पाहिलं आणि गेला निघून, मग आम्ही दोघांनी उचलून लावली बघा, भर रस्त्यात आडवी कशी ठेवायची. मी म्हटलं काका मी आलो तेव्हा सांगितलं का नाही? तर ते म्हणाले गिऱ्हाईक होतं हो, आणि तुम्हाला दिसेलच असं वाटलं.

मला त्या काकांचा राग नाही, अजिबात नाही. त्यांनी पावसात हातगाडी सोडून, ओळख ना पाळख, माझी गाडी उचलली. आपल्या गावात अजून एवढी माणुसकी आहे याचं मला बरंच वाटतं. पण तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसलीय. गाडी आडवी पडलेली दिसली असती तर मी ती चारी बाजूंनी बघितली असती, ढकलत गॅरेजला नेली असती. ती उचलून नीट उभी केलेली होती म्हणून मला काही कळलंच नाही. पडलेली गाडी उचलायची आणि मालकाला न सांगता जायचं, यात पडल्याचा सगळा पुरावा पुसला जातो आणि धोका मात्र तसाच गाडीत राहतो.

आता थोडं गाडीबद्दल लिहितो, कारण हे बऱ्याच जणांना, विशेषतः नवीन गाडी चालवणाऱ्या मुलामुलींना, माहीत नसतं.

गाडी साइड स्टँडवर डावीकडं कललेली असते. त्यामुळं उजवीकडून धक्का आला तर स्टँड तो थोडातरी झेलतो, पण डावीकडून धक्का आला की गाडी सरळ होते आणि पलीकडं उजव्या अंगावर जाते, कारण त्या बाजूला आधार देणारं काहीच नाही. आणि मोटरसायकलच्या उजव्या बाजूला काय काय असतं? पुढच्या ब्रेकचा लिवर, मागच्या ब्रेकचं पायडल, ॲक्सिलेटर, सायलेन्सर. डाव्या अंगावर पडली तर क्लचचा लिवर तुटेल, गिअरचा लिवर वाकेल, गाडी जागेवरून हलणार नाही, त्रास होईल पण तुम्ही जागेवरच अडकाल. उजव्या अंगावर पडली तर गाडी मस्त चालू होते, पळते पण, फक्त थांबत नाही. दोन्ही ब्रेक एकाच बाजूला असतात हे आपण रोज हाता-पायानं वापरतो तरी डोक्यात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं.

लिवर ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. मी मशीनशॉपला असल्यामुळं मला हे कळायला पाहिजे, ओतीव माल वाकत नाही, वाकला असं दिसलं तरी आत बारीक चीर गेलेली असते, आणि ती चीर बुडाशी, लिवर ज्यावर फिरतो त्या पिव्होटच्या बोल्टजवळ, रबरी बूट किंवा स्विचच्या मागं लपते. हलकं दाबलं तर काही होत नाही, जोरात दाबलं की सुटतं. म्हणजे नेमकं इमर्जन्सीलाच. त्यामुळं वाकलेला लिवर पाइप घालून सरळ करून वापरायचा हे कृपा करून कुणी करू नका, नवा लिवर साध्या गाडीला शे-दीडशे रुपयांत येतो. पायडल लोखंडी असतं, ते तापवून एकदा सरळ करता येतं, पण आमचा सिडकोतला मिस्त्री म्हणाला की कडीत आणि स्प्रिंगच्या ठिकाणी वाकलं असेल तर बदलाच, मी बदललं.

तर पडलेली गाडी, किंवा पडली असावी अशी शंका असलेली गाडी, चालू करायच्या आधी काय बघायचं? पहिलं म्हणजे वास. पेट्रोलचा वास येत असेल तर किल्ली लावूच नका, आजूबाजूला कुणी विडी-सिगरेट ओढत असेल तर लांब करा, जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद करा, सांडलेलं पुसून घ्या, पाच-दहा मिनिटं गाडी सरळ उभी राहू द्या. तेवढ्यात ऑइलही खाली बसतं. गाडी बराच वेळ आडवी असेल तर ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या, पाइपातून एअर फिल्टरमधे किंवा सिलिंडरमधे गेलेलं असू शकतं, सुरू केल्यावर निळसर धूर येतो, थोडा वेळ येऊन थांबला तर घाबरायचं कारण नाही, पण किक कडक लागत असेल, खालीच जात नसेल तर जोर लावायचा नाही, स्टार्टर मारत बसायचं नाही, प्लग काढून मिस्त्रीला बघू द्यायचं, नाहीतर इंजिनमधला कनेक्टिंग रॉड वाकून मोठं काम निघतं. ऑइलची लेव्हल सपाट जागेवर गाडी सरळ धरून बघायची, इंजिनच्या कव्हरखाली थेंब पडतायत का बघायचं.

मग ॲक्सिलेटर. पूर्ण पिळून सोडायचा, तो आपला आपण खटकन मागं आला पाहिजे. हॅंडलचं टोक जमिनीवर आपटलं की मूठ आत सरकून घासते आणि रेस अडकते, हे फार घातक आहे. हॅंडल डावीकडं-उजवीकडं पूर्ण फिरवून बघायचं, केबल ताणतेय का, टाकीला लागतंय का. दोन्ही लिवर बुडाशी बोट फिरवून चीर लागते का ते बघायचं, मग गाडी उभी असतानाच एकदा पूर्ण ताकदीनं दाबायचे, तुटायचा असेल तर तिथं तुटू दे. डिस्क ब्रेक असेल आणि लिवर लोण्यासारखा आत जात असेल तर पाइपात हवा गेलीय, ती काढल्याशिवाय निघायचं नाही. पायडल दाबून मागचा लाइट लागतो का, पायडल परत वर येतं का, फुटरेस्ट आत दुमडलाय का. आणि सगळं ठीक दिसलं तरी आधी इंजिन बंद ठेवून चार पावलं ढकलायची आणि एकेक ब्रेक लावून बघायचा, मगच बसायचं. लिहायला एवढं लांब झालं पण हाताला सवय झाली की दोन मिनिटं पण लागत नाहीत.

एक बारीक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून ज्या बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्या आल्या त्यातल्या बऱ्याच गाड्यांत गाडी पडल्याचं ओळखणारा सेन्सर असतो, गाडी चालू असताना आडवी झाली की तो इंजिन बंद करतो आणि मग उचलल्यावर बटण दाबून चालूच होत नाही, लोक समजतात गाडी गेली. किल्ली बंद करून परत चालू करायची, बहुतेक वेळा होते सुरू. हॅंडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विचही बघायचा, पडताना तो दाबला जातो.

पुढचं चाक सरळ आणि हॅंडल वाकडं असं झालं असेल, गॅरेजवाले म्हणतात हॅंडल आउट झालंय, तर दर वेळी खर्चाचं काम नसतं. बऱ्याचदा पुढच्या चाकाचे शॉकअप फक्त टी मधे, म्हणजे त्यांना वर धरून ठेवणाऱ्या पट्टीत, फिरलेले असतात, मिस्त्री बोल्ट ढिले करतो, चाक दोन गुडघ्यांत धरून हॅंडल सरळ करतो आणि परत आवळतो, झालं. पण शॉकअपचा पाइप किंवा टी खरंच वाकली असेल तर हात सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते, ती गाडी हायवेला नेऊ नका, द्वारकेच्या पुढं उड्डाणपुलावर ८०च्या स्पीडला हे कळून उपयोग नाही. माझ्या गाडीचं फिरलेलंच निघालं. लिवर, पायडल, एक इंडिकेटर, आरसा, मजुरी धरून १,८५० रुपये झाले.

हे १,८५० मी खिशातून भरले आणि इथं दुसरी गोष्ट कळली जी मला वाटतं नाशिकमधल्या हजारो गाड्यांना लागू असेल. मी सगळ्यांना सांगायचो माझा पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं सप्टेंबर २०१८पासून नवीन टू व्हीलर घेताना पाच वर्षांचा इन्शुरन्स एकदम घ्यावा लागतो हे खरं, पण तो पाच वर्षांचा भाग फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे माझ्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा. माझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ओन डॅमेज म्हणतात तो, एकच वर्षाचा होता आणि २०२३ मधेच संपला होता. कागदावर दोन वेगवेगळ्या तारखा छापलेल्या असतात, मी वरची एकच वाचली होती. कृपा करून आज घरी गेल्यावर तुमची पॉलिसी काढून दोन्ही तारखा बघा. ओन डॅमेज चालू असला तरी हजार-दोन हजारासाठी क्लेम करावा का हे बघावं लागतं, कारण क्लेम केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो, तो पहिल्या वर्षी २० टक्के आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत असतो, आणि प्लास्टिक-रबराच्या पार्टचे तसेही निम्मेच पैसे मिळतात. टाकी, शॉकअप, इंजिनचं कव्हर असं मोठं काम असेल तर मात्र क्लेम कराच, आणि गाडी जशी पडलीय तशीच आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आणि ज्यानं पाडली त्याचं काय? माझं सगळ्यात जास्त दुःख इथं आहे. तो कारवाला उतरून बघून गेला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४, त्यात स्पष्ट आहे की गाडीच्या अपघातात कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ड्रायव्हरनं पोलिसांना माहिती द्यायची, पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या पोलीस स्टेशनला, जास्तीत जास्त २४ तासांत. मालमत्तेचं नुकसान म्हणजे उभी गाडी पाडणं पण आलंच. आपल्याकडं लोकांना वाटतं माणूस मेला-जखमी झाला तरच हे सगळं. आणि त्याच्या कारचा थर्ड पार्टी इन्शुरन्स याच्यासाठीच तर असतो. पण मला खरं सांगू का, मला त्याच्याकडून पैसे नकोच होते. कारच्या वायपरला खोचतात तशी एक चिठ्ठी त्यानं माझ्या गाडीच्या मीटरवर खोचली असती, नंबर नसता लिहिला तरी चाललं असतं, नुसतं गाडी पडली होती एवढं लिहिलं असतं तरी माझी मुलगी आज नीट चालत असती.

आता पार्किंग. दोष सगळा दुसऱ्याचा असं मला म्हणायचं नाही, गाडी लावताना आपण पण काही गोष्टी पाळल्या तर निम्म्या गाड्या पडणार नाहीत. उतारावर गाडीचं तोंड चढाकडं पाहिजे. तोंड उताराकडं असलं आणि गाडी न्यूट्रलमधे असली की ती जरा पुढं सरकते, पुढं सरकली की साइड स्टँड मागं दुमडतो आणि गाडी खाली. म्हणून पहिल्या गिअरमधे टाकूनच सोडायची, सपाटीला पण. फुटपाथला लावताना मागचं चाक फुटपाथला टेकवून, तोंड रस्त्याकडं, कारण रस्ता कडेला उतरता असतो. आणि वन वेला उजव्या कडेला गाडी रस्त्याला समांतर लावायची वेळ आली तर दहादा बघा, तिथला उतार उजवीकडं असतो, साइड स्टँडवर गाडी जवळपास सरळ उभी राहते, कुणाची पिशवी लागली तरी उजवीकडं जाते. तिथं डबल स्टँडच लावा. पण डबल स्टँड उताराला नाही, मऊ जमिनीवर नाही. पावसाळ्यात गोल्फ क्लबच्या आसपास किंवा कुठल्याही कच्च्या जागेवर साइड स्टँड खाली रुततो, मे महिन्यात डांबरात पण रुततो, डिकीत एक चपटी फळी किंवा पत्र्याचा तुकडा ठेवा, स्टँडखाली टाकायला. कव्हर घातलेलं असेल तर वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं, तेव्हा ते आवळून बांधा.

गाडी रांगेतून काढताना सगळ्यात जास्त पडतात, कारचा धक्का दूरच राहिला. आपल्या लेगगार्डमधे शेजारच्याचा फुटरेस्ट अडकलेला असतो, आपण ओढतो, ती कलते, मग तिच्या पलीकडची, मग सगळी रांग. अशी रांग पडली तर जी सगळ्यात वर पडलीय ती आधी उचलायची, मधली ओढली की खालच्यांची मोडतोड वाढते. उचलताना आरसा, इंडिकेटर, प्लास्टिकला धरायचं नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, तो वरच्या बाजूला असतो, नंतर पोचता येत नाही, नाहीतर गाडी उभी केल्यावर पलीकडं पाडली जाते. गिअरमधे असेल तर बरं, सरकत नाही. एकट्यानं उचलायची असेल तर सीटला पाठ लावून गुडघ्यात वाकायचं, एक हात हॅंडलच्या मुठीला, एक मागच्या कडीला आणि पायांच्या जोरावर मागं मागं चालायचं. कमरेनं ओढायची नाही, साधी १०० सीसी गाडी पण शंभर-सव्वाशे किलोची असते आणि बुलेट दोनशेच्या घरात जाते. सायलेन्सर गरम असतो तेवढं सांभाळा.

आणि महापालिकेला एक मनापासून मागणी. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, २०२०ची, युडीसीपीआर म्हणतात ती, त्यात बिल्डिंगच्या पार्किंगमधे एका स्कूटर-मोटरसायकलला १ मीटर बाय २ मीटर जागा धरलीय. गाडीचं हॅंडल साधारण ७०-८० सेंटीमीटर रुंद असतं, म्हणजे १ मीटर दिला तर मधे माणूस अंग चोरून उभा राहू शकतो, गाडी कुणाला न लागता निघू शकते. हिशोब बरोबर आहे. मग रस्त्यावर हाच हिशोब का नको? मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार, सीबीएस बसस्टँड, पंचवटी कारंजा, कॉलेज रोड, इथं टू व्हीलरसाठी १ मीटरचे तिरके पट्टे मारा. नुसती एक लांब पांढरी रेघ मारून आत टू व्हीलर पार्किंग लिहिलं की लोक एका हॅंडलच्या जागेत दोन घुसवतात. पट्ट्यांमागं फुटपाथच्या कडेला जाड लोखंडी पाइप लावा, म्हणजे मागचं चाक टेकवता येईल आणि रिव्हर्स येणारी कार आधी पाइपला लागेल. स्टँडच्या जागी डांबराऐवजी काँक्रीटचा पट्टा टाका, रुतणार नाही. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्या निमित्तानं रस्ते होतायत तर हे आत्ताच होऊ शकतं, एकदा रस्ता झाला की परत कोण उकरणार. आणि जिथं पे अँड पार्क आहे तिथं पोरं लॉक केलेल्या गाड्या मागचं चाक उचलून ओढतात, एखादी पडली की उचलून ठेवतात आणि गप्प बसतात. कंत्राट देताना एक अट घाला, पडलेल्या गाडीची नोंद वहीत करायची आणि मालकाला सांगायचं. याला एक पैसा लागत नाही.

मी आता डिकीत एक छोटी वही, पेन आणि प्लास्टिकची पिशवी ठेवतो, पावसात चिठ्ठी भिजू नये म्हणून. गेल्या पंधरा दिवसांत दोनदा लावली, एकदा अशोक स्तंभाजवळ एका ताईंच्या स्कूटरला, एकदा आमच्याच कारखान्याच्या गेटबाहेर. त्या स्कूटरचा ब्रेकचा लिवर अर्धा तुटलेला होता, नुसता बघून कळत नव्हतं.

संपादकसाहेब, तुमच्या पेपरात एखाद्या कोपऱ्यात चौकट करून खालचा मजकूर छापला तर लोक कापून गाडीत ठेवतील. मी मुलीकडून लिहून घेतलाय, तिला सध्या घरीच बसावं लागतंय.

तुमची गाडी आज ____ वाजता पडली होती. उजव्या / डाव्या बाजूला. आम्ही उचलून लावली आहे. ब्रेक, लिवर, पायडल, हॅंडल बघितल्याशिवाय चालू करू नका. माझ्याकडून पडली असेल तर माझा नंबर: ____

कळावे,
आपला रोजचा वाचक,
सिडको, नाशिक